ती पुढची पांढरी गाडी

मोटारींची शर्यत म्हटल्यावर डोळ्यांपुढे वेग उभा राहतो. घरगुती संगणकावरच्या जुन्या मोटार शर्यतीत मात्र सगळ्यात आधी खोळंबा उभा राहायचा. गेम असायचा कॅसेटमध्ये. गाण्याची असायची तीच कॅसेट आणि घरात असायचा तोच टेपरेकॉर्डर. टेपची वायर संगणकाला, संगणकाची टीव्हीला, म्हणजे घरातली करमणुकीची दोन साधनं आधी एकमेकांच्या गळ्यात बांधायची, मग ‘लोड’ असा हुकूम सोडायचा, टेपचं ‘प्ले’ दाबायचं आणि हात जोडून बसायचं. पुढची चार-पाच मिनिटं टीव्हीच्या काठाने निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावायच्या आणि मिक्सरच्या भांड्यात चमचा राहून गेल्यासारखा आवाज घरभर घुमायचा. एवढं सोसल्यावर अगदी शेवटच्या क्षणी पडद्यावर अक्षरं उमटायची : ‘आर टेप लोडिंग एरर’. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आवाज जरा वाढवून बघा, जरा कमी करून बघा, टेपच्या हेडशेजारचा तो बारीक स्क्रू पाव आटा फिरवून बघा. (पाव आट्यानंतर गेम चालायचा, पण मग त्याच टेपवर कीर्तनकार बुवा नाकात बोलायला लागायचे.) तिसऱ्या खेपेला मोटार एकदाची रस्त्यावर यायची आणि पहिल्याच वळणाला रस्ता सोडायची. पंधरा मिनिटं तयारी आणि सव्वा मिनिटात शर्यत आटोपलेली. इतक्या खटपटीनंतर इतकं थोडकं हाती लागण्याचा प्रकार आपल्याकडे एरवी फक्त ग्रामसभेत बघायला मिळतो.

हे ज्या यंत्रावर चालायचं त्याचं नाव सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम. ब्रिटनमध्ये ते १९८२ साली बाजारात आलं आणि १९८८ साली पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ते ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात आणलं. म्हणजे ही काही सातासमुद्रापलीकडची कथा नव्हे, सातारकरांच्या दृष्टीने खंबाटकीपलीकडची. यंत्राची स्मृती होती ४८ केबी. मावशींनी पहाटे साडेपाचला पाठवलेल्या गुलाबाच्या ‘शुभ सकाळ’ला हल्ली याहून जास्त जागा लागते. त्या तेवढ्या जागेत ‘सायऑन’ कंपनीने १९८३ साली ‘चेकर्ड फ्लॅग’ नावाची अख्खी मोटार शर्यत बसवली. तीन गाड्या होत्या. एकीचं नाव फेरेटी टर्बो, म्हणजे जत्रेतल्या बुटांवर ‘आदिबास’ लिहिलेलं असतं त्याच घराण्यातलं. गियर होते, वळणं होती, वाटेत सांडलेलं तेल होतं, साचलेलं पाणी होतं, फुटलेल्या काचासुद्धा होत्या. एकच गोष्ट नव्हती : दुसरी गाडी. साऱ्या ट्रॅकवर तुम्ही एकटे. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, आणि तरीही खेळणाऱ्याच्या कपाळावर घाम, तरीही घाई, तरीही अपघात.

दुसऱ्या गाड्या घालायला स्मृतीत जागा उरली नव्हती, हे झालं तांत्रिक कारण. ते खरंही असेल. पण प्रस्तुत लेखकाचं म्हणणं (मोटारशास्त्रातली त्याची तज्ज्ञता, कुणी गाडी रिव्हर्स घेत असताना मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणण्यापुरती आहे, हे आधीच सांगितलेलं बरं) असं आहे, की त्या ४८ केबीच्या टंचाईत या मंडळींना मनुष्यस्वभावाचा एक मोठा शोध लागला. शर्यतीला प्रतिस्पर्धी लागतच नाही. एक माणूस, एक रस्ता आणि आपण मागे पडतोय असा एक संशय, एवढ्या सामानावर शर्यत उभी राहते. बाकीच्या गाड्या सजावटीला.

याचा पुरावा दुसऱ्या गेमांतही सापडतो. जपानच्या नामको कंपनीचा ‘पोल पोझिशन’ १९८२ चा. तो आधी नाणं टाकून खेळायच्या कपाटात आला आणि मग घरगुती संगणकांवर उतरला. त्याच्यात दुसऱ्या गाड्या होत्या, मान्य. पण त्या काय करत होत्या? त्या जिंकायला आलेल्याच नव्हत्या. नको तिथे, नको तेव्हा असणं, एवढंच त्यांचं काम. लढाई होती ती घड्याळाशी. आधी एकट्याने एक फेरी मारून पात्रता सिद्ध करायची, मग शर्यतीत उतरून पुन्हा घड्याळालाच हरवायचं. मागे फुजी पर्वत उभा. गाडी कितीही पळवा, फुजी कधी जवळ येत नाही, नुसता डावी-उजवीकडे सरकतो. गंमत म्हणजे या असल्या गेमांत गाडीसुद्धा जागची हलत नाही. ती पडद्याच्या तळाशी ठाण मांडून बसलेली असते आणि खालून रस्ता ओढला जातो. कडेचे लाल-पांढरे तुकडे आलटून पालटून रंग बदलतात, की बघणाऱ्याला वाटतं काय वेग आहे! जागच्या जागी उभ्या असलेल्या त्या गाडीसाठी खेळणारा मात्र वळण आलं की खांद्यापासून कमरेपर्यंत झुकतो, मागे उभा असलेला भाऊ पायाने फरशीवर नसलेला ब्रेक दाबतो, आणि ज्याला खेळायला मिळालेलं नाही असा तिसरा ‘अरे डावीकडं, डावीकडं घे!’ म्हणून ओरडतो. गाडी उजवीकडच्या फलकावर आदळते. मग जॉयस्टिक खराब असल्याचं निष्पन्न होतं. इतक्या अपघातांत चालकाची चूक एकदाही सापडत नाही, याबाबतीत हे गेम वास्तवाला सोडून होते असं कुणालाही म्हणता येणार नाही.

आपल्याकडच्या मुलांना जास्त परिचयाचा झाला तो कोनामीचा १९८४ चा ‘रोड फायटर’. जपानात तो घरगुती संगणकावरही निघाला, पण आपल्या गावांत शिरला तो टीव्ही गेमच्या त्या जाड कॅसेटमधून, जिच्या वेष्टनावर ९९९९९९९ गेम असल्याचं छापलेलं असायचं आणि आत मोजून दहा-बारा निघायचे. रस्ता वरून दिसायचा, जणू एखाद्या घारीने गाडी हाकावी. वेग ताशी ४०० किलोमीटरपर्यंत आणि पेट्रोल सतत संपत आलेलं. आदळलात तर मरण नाही, दंड पेट्रोलमध्ये. वाटेत गाड्यांच्या जाती ठरलेल्या. पिवळ्या आपल्या सरळ रेषेत जाणाऱ्या. तांबड्या एकदाच, पण नेमक्या तुम्ही शेजारी आलात की आडव्या येणाऱ्या. निळ्या तर तुम्हाला अडवण्याचं व्रत घेतलेल्या. शिवाय ट्रक. पुणे-कोल्हापूर महामार्गावर शेंद्र्यापासून पुढे तासभर प्रवास केलेल्या कुणालाही या जाती ओळखू येतील, फक्त रंगांची थोडी अदलाबदल करून घ्यावी लागेल. सरळ जाणाऱ्या पिवळीच्या जागी लाल एसटी धरा. एकदाच आडवी येणारी म्हणजे वडाप : रस्त्याकडेला कुणी नुसता हात खाजवला तरी ती जीप उतारू मिळाल्याच्या आनंदात डावीकडे घुसते. आणि निळी म्हणजे उजव्या लेनमध्ये ताशी चाळीसने चाललेला तो गृहस्थ, ज्याने गाडी घेतानाच उजवी लेन सोबत विकत घेतलेली आहे. जपानात बसून कोनामीला ही माहिती कशी मिळाली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. हॉर्न मात्र त्यांनी दिला नाही. तिथेच आपल्या बाजारपेठेचा त्यांचा अभ्यास कमी पडला.

आता मूळ सिद्धांत रस्त्यावर उतरवून बघू. एमएच ११ ची एक गाडी सकाळी साताऱ्याहून सांगलीला निघाली आहे. चालक सद्गृहस्थ, ताशी ८० चा वेग, टेपवर भक्तिगीतं. नागठाण्याच्या आसपास मागून एमएच १२ ची एक पांढरी गाडी येते आणि पुढे निघून जाते. तिच्यातला माणूस कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला चालला आहे आणि त्याने या सद्गृहस्थांकडे पाहिलेलंसुद्धा नाही. पण इकडे भक्तिगीतं बंद होतात. काटा ९० वर, मग १०० वर.

‘अहो, कुणाच्या मागे लागलाय?’

‘कुणाच्या नाही.’

‘मग एवढी घाई कशाला?’

‘मघाशी त्यानं आपल्याला मागं टाकलं.’

‘कुणी?’

‘तो काय, पुढचा पांढरा.’

‘अहो, पुढच्या पाचही गाड्या पांढऱ्याच आहेत.’

हा संवाद म्हणजे ‘चेकर्ड फ्लॅग’चं सार आहे. शर्यत चालू आहे, चुरस शिगेला पोचली आहे, आणि ती कुणाशी आहे हे शर्यत लावणाऱ्यालाही नक्की ठाऊक नाही. ज्याच्याशी आहे त्याला तर शर्यत लागली आहे याचाच पत्ता नाही. तो दर्शनानंतर तांबडा रस्सा खायचा की पांढरा, या विचारात आहे.

बरं, या चुरशीतून मिळतं काय, तेही मोजून बघावं. सातारा ते कराड अंतर सोयीसाठी ५० किलोमीटर धरू. ताशी ८० ने गेलं तर साडेसदतीस मिनिटं लागतात, ताशी १०० ने गेलं तर तीस. वाचली साडेसात मिनिटं, तीही सबंध वाट शंभराचा काटा टिकला तर. तो टिकत नाही, कारण कराडच्या अलीकडे तासवड्याचा टोलनाका आहे, आणि तिथे ती पांढरी गाडी शेजारच्या रांगेत शांतपणे उभी असते. एवढंच नव्हे, तिची रांग सरकते, आपल्या रांगेत पुढच्याचा फास्टॅग वाचला जात नाही, तो काचेवरचा स्टिकर काढून हातात धरून यंत्राला दाखवत बसतो, आणि पांढरी गाडी पुन्हा पुढे जाते. उरलीसुरली दोन-चार मिनिटं जी काही शिल्लक असतील ती कराडला चहाच्या टपरीवर, आपण किती वेळ वाचवला हे शेजाऱ्याला समजावून सांगण्यात खर्ची पडतात.

पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलं की तर गेमची पुढची लेव्हलच लागते. हंगाम सुरू असेल तर ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे उसाच्या दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना रस्ता सोडून बाहेर आलेल्या. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, ट्रॅक्टरवर पुढे मात्र स्पीकर असतो. त्यामुळे ती आधी ऐकू येते आणि मग दिसते. ४८ केबीच्या गेमांवर त्या काळी आक्षेप असायचा, की त्यांत वस्तू लांबून येताना दिसत नाहीत, एकदम समोर उगवतात, आणि हे काही खरं वाटत नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी डिसेंबरातल्या संध्याकाळी आष्ट्याच्या रस्त्याने कधी प्रवास केलेला नसावा.

या सिद्धांताला हरकती येणारच. जाणकार म्हणतील, सगळेच गेम असे एकाकी नव्हते. जेफ क्रॅमंड यांचा ‘रेव्हज’ घ्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बीबीसी मायक्रो या संगणकावर आलेला, इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकची चढ-उतारांसकट नक्कल करणारा, आणि त्यात एकोणीस प्रतिस्पर्धी, प्रत्येकाला स्वतःचं नाव! हरकत मान्य. शिवाय तो संगणक आपल्याला परका नव्हता. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ ही संगणक साक्षरतेची योजना काढली, तेव्हा त्यासाठी हाच बीबीसी मायक्रो निवडला होता. म्हणजे त्या काळातली सर्वांत अस्सल मोटार शर्यत चालवू शकणारं यंत्र आपल्या देशातल्या शाळांत येऊन पोचलं होतं आणि आपण चपला बाहेर काढून त्याच्यावर बेरजा केल्या. पण त्या एकोणीस जणांची नावं तरी बघा. एकाचं नाव माइल्स बिहाइंड, म्हणजे मैलोगणती मागे. दुसऱ्याचं रिक शॉ. जोडून वाचा! सांगलीच्या स्टँडबाहेर हा प्रतिस्पर्धी कुणाला भेटलेला नाही? आणि हे एकोणीस जण असूनही खेळणाऱ्याचा बहुतेक वेळ जातो तो सरावाच्या आणि पात्रतेच्या फेऱ्यांत, तेही पहिल्याच वळणाला गवतात शिरून तिथून बाहेर कसं पडावं याचा विचार करण्यात. एकोणीस वैरी दिले तरी माणूस आधी स्वतःशी हरतो, मग त्यांच्याकडे बघायला वेळ मिळाला तर मिळाला.

दुसरी हरकत दोन खेळाडूंच्या गेमांची. ‘एपिक्स’च्या १९८४ च्या ‘पिटस्टॉप २’ मध्ये, कमोडोर ६४ वर, पडदा आडवा दुभागलेला असायचा. वरचा अर्धा एकाचा, खालचा दुसऱ्याचा. खराखुरा, हाडामांसाचा प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून बसलेला. इथे तरी सिद्धांत कोसळायला हवा. पण होतं असं, की दोघंही आपला रस्ता सोडून दुसऱ्याच्या अर्ध्या पडद्यावर तो कुठे आदळतोय ते बघत राहतात आणि त्या नादात आपापल्या गाड्या आदळून घेतात. दोन भावांनी जमिनीची वाटणी करून घ्यावी आणि मग आपल्यात काय पिकलं यापेक्षा त्याच्यात काय पिकलं हे बांधावर उभं राहून मोजत बसावं, तशातला प्रकार.

खरी वजनदार हरकत सातारा-सांगलीकडूनच येईल आणि ती चार पायांवर येईल. आमच्याकडे बैलगाडीच्या शर्यती आहेत, तिथे प्रतिस्पर्धी नसतो काय? असतो. चांगला तगडा असतो. पण तिथे प्रत्येक गाडीची चाकोरी ठरलेली असते, सुटायला झेंडा पंच असतो, गट, सेमी, फायनल अशी रीतसर उतरंड असते, निवेदक बैलाच्या चार पिढ्यांची कीर्ती गातो, आणि मुख्य म्हणजे शर्यत लागली आहे हे सगळ्यांना, बैलांनासुद्धा, माहीत असतं. या शर्यती मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा सुरू झाल्या. मधली साडेसात वर्षं झेंडा, पंच, चाकोरी आणि प्रतिस्पर्धी असलेली शर्यत बंद होती आणि यातलं काहीही नसलेली शर्यत महामार्गावर रोज चालू होती. हल्ली तर मोठ्या मैदानांत पहिल्या बक्षिसाला थार गाडी ठेवतात. म्हणजे नियमाने पळतात बैल, आणि मोटार मिळते मालकाला, जी घेऊन तो दुसऱ्या दिवशी महामार्गावर येतो आणि पुढे एक पांढरी गाडी दिसते.

राहता राहिला विक्रमांचा प्रश्न. स्पेक्ट्रमवर तुम्ही जीव तोडून मिळवलेली वेळ यंत्राच्या स्मृतीत असायची आणि वीज असेतो टिकायची. वीज गेली की विक्रम गेला, गेम गेला, आणि पुन्हा कॅसेट, पुन्हा निळ्या-पिवळ्या पट्ट्या, पुन्हा नाकातले बुवा. त्यामुळे आपला विक्रम सिद्ध करायला कुणाकडेच पुरावा नसायचा आणि शेजारच्या गल्लीत कुणाचा भाऊ नेहमी आपल्यापेक्षा चार सेकंद आधी पोचलेला असायचा. रस्त्यावरच्या विक्रमांचंही तसंच, फक्त ते वीज गेली की पुसले जात नाहीत, उलट अंधारात गप्पा मारताना सुधारतात. पुण्याहून साताऱ्याला लागलेले दोन तास पुढच्या दिवाळीला पावणेदोन होतात आणि मुलाच्या लग्नापर्यंत सव्वावर येतात. म्हणूनच आपल्याकडे पाहुणा दारात आला की पाण्याच्या तांब्याच्याही आधी त्याच्या वेळेची नोंद घेतली जाते. साताऱ्याचे आपले सद्गृहस्थ तासवड्याला, कराडला, पेठ नाक्याला आणि दोन ट्रॉल्यांना मागे सारून एकदाचे विश्रामबागेत मेहुण्याच्या दारात गाडी लावतात.

‘या दाजी. कवा निघालासा?’

‘साडेसहाला.’

‘साडेसा? मग लईच येळ लागला की.’

‘टोलनाक्यावर गर्दी होती. नाहीतर…’

‘आमचा धाकटा परवा पावणेदोन तासात आला साताऱ्यासनं.’

‘पावणेदोन? शक्यच नाही. कुठली गाडी आहे त्याच्याकडं?’

‘नवीन घेतल्या की. पांढरी.’